पोराला कणकण आहे, शाळेत पाठवू का? मुंबईतल्या पालकांसाठी कोविडची कामाची माहिती

कोविड संपला असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलंय आणि त्यात फार चूक पण नाही म्हणा, डब्ल्यूएचओने ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलंच होतं. पण आणीबाणी संपली म्हणजे व्हायरस गेला असं नाही ना. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत परत केसेस वाढल्या, ओमायक्रॉनच्याच घराण्यातले नवे नवे प्रकार फिरत होते, आणि ते सुद्धा बरोबर शाळा सुरू व्हायच्या तोंडावर. मी शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे त्यामुळे असं काही झालं की फोन सुरू होतात, मास्क लावायचा का, सॅनिटायझर बॅगेत द्यायचं का, वह्या पुसायच्या का. वह्या पुसू नका हो. खरा प्रश्न सकाळी साडेसहाचा असतो, पोराचं अंग जरा कोमट लागतंय, घसा खवखवतोय म्हणतोय, व्हॅनवाले काका खाली हॉर्न देतायत, आता पाठवू का नको. हा निर्णय नीट घेतला तर बाकीचं निम्मं काम तिथेच होतं, म्हणून तिथूनच सुरू करते. मी डॉक्टर नाही, पालक आहे, आणि शाळा, दवाखाने, सरकारी सूचना यातून जे पक्कं कळलंय तेवढंच लिहितेय.

सकाळचा निर्णय

पहिली गोष्ट, घरात डिजिटल थर्मामीटर हवा. कपाळाला हात लावून ताप बघायची आपली जुनी सवय आहे पण मुंबईच्या दमट हवेत झोपून उठलेलं प्रत्येक पोर गरमच लागतं. काखेत नीट दाबून धरून, बीप वाजेपर्यंत. १०० किंवा वर दिसलं तर शाळा नाही, विषय संपला.

आता एक गोष्ट जी सगळे करतात आणि कोणी बोलत नाही. सहा वाजता पॅरासिटामॉल पाजायचं, साडेसहाला ताप उतरतो, पोर हसायला लागतं, पाठवलं शाळेत. त्या औषधाचा असर चार ते सहा तास असतो. म्हणजे साधारण अकराच्या सुमाराला ताप परत चढतो, आणि तेव्हा काय असतं तर मोठी सुट्टी, सगळे डबा उघडून एकमेकांच्या ताटात हात घालत बसलेले, मास्क असला तरी हनुवटीवर. मग बाईंचा फोन, मग तुम्ही ऑफिसमधून निघणार, ठाण्याहून दादरला लोकलने येईपर्यंत पोर सिकरूममध्ये किंवा स्टाफरूमच्या बाकावर आडवं पडलेलं. यापेक्षा घरी ठेवलेलं परवडलं. औषध न देता २४ तास ताप नाही, हा साधा नियम घरात सगळ्यांना पाठ पाहिजे, बाबाला पण.

ताप नसताना पण घरी ठेवायची कारणं आहेत: उलट्या किंवा जुलाब, नवीन सुरू झालेला आणि थांबतच नाही असा खोकला, गिळता येत नाही इतका दुखणारा घसा, किंवा पोर नेहमीसारखं नाहीच आहे, पडून राहिलंय, आवडीचं खायला दिलं तरी नको म्हणतंय. आईला हे कळतं, कारण सांगता येत नाही पण कळतं, त्यावर विश्वास ठेवा. नुसतं नाक गळतंय आणि बाकी उड्या मारतंय तर मग तुम्ही बघा, मोठं असेल तर मास्क लावून पाठवता येतं, आणि ज्यांना रोज सकाळी उठल्या उठल्या दहा शिंका येतातच, म्हणजे ॲलर्जीवाली मुलं, त्यांना दरवेळी घरी बसवलं तर वर्षभर शाळाच व्हायची नाही. वास आणि चव जाण्याची वाट बघू नका, ते आधीच्या लाटांमध्ये फार होतं, ओमायक्रॉनपासून कमी झालंय. वास येतोय म्हणजे कोविड नाही असं काही नाही.

घरात दुसऱ्या कोणाला निघाला असेल आणि पोर अजून ठणठणीत असेल तर साधारण दोन ते चार दिवसांत त्याला लक्षणं दिसतात, कधी जास्त पण लागतात. तेवढे दिवस डोळा ठेवा, सकाळ-संध्याकाळ ताप मोजा, शाळेत गेलाच तर मास्क, आणि कराटेचा क्लास, वाढदिवसाची पार्टी वगैरे त्या आठवड्यापुरतं बंद.

हजेरीबद्दल मला जरा बोलायचंच आहे. शंभर टक्के हजेरीचं सर्टिफिकेट आणि कंपास बॉक्स, हे बक्षीस ज्यांनी शोधून काढलं त्यांनी वर्गात ताप वाटायची सोय करून ठेवलीय. पोरं रडतात हो, मला जायचंय म्हणून, माझं बक्षीस जाईल. पालक सभेत हा विषय काढा, आजारपणाची रजा हजेरीत धरू नका किंवा ते बक्षीसच बंद करा. तसंच घटक चाचणीचं, आजारी मुलाला नंतर पेपर देता येईल का हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा, आदल्या रात्री नाही. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे रद्द झाला आणि बोर्डाने बाकीच्या पेपरांवरून सरासरी मार्क दिले, बोर्डाला मार्ग निघतो तर चौथीच्या परिसर अभ्यासाला का निघू नये.

आणि मग खरी अडचण, घरी कोण थांबणार. दोघं नोकरीला असतील, किंवा आई चार घरची कामं करत असेल आणि एक खाडा म्हणजे एक दिवसाचे पैसे, तर घरी ठेवा सांगणं सोपं असतं. यावर माझ्याकडे जादू नाही. पण आधी ठरवून ठेवता येतं, पहिल्या दिवशी कोण, दुसऱ्या दिवशी कोण, कोणाच्या ऑफिसात घरून काम चालतं, शेजारच्या कोणाला सांगता येईल. फक्त तापलेलं पोर आजीआजोबांकडे सोडून जाऊ नका, त्यातून शुगर, बीपी, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर अजिबात नाही. मुलांना कोविड बहुतेक वेळा सौम्य होतो, तीन दिवसांत खेळायला लागतात, जड जातो तो म्हाताऱ्यांना. दुसरा काहीच पर्याय नसेल तर आजीला चांगला एन-९५ द्या, खिडक्या उघड्या, आणि दोघांनी एकाच पांघरुणात झोपायचं नाही, जे आजी ऐकणार नाही ते माहीत आहे मला, तरी सांगा.

पावसाळ्यातला ताप म्हणजे फक्त कोविड नाही

हे मुंबईत फार महत्त्वाचं आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, फ्लू सगळे एकदम हजेरी लावतात आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचा ताप सारखाच दिसतो. सर्दी-खोकला-घसा असेल तर कोविड किंवा फ्लू सारखं काहीतरी, नुसताच जोरदार ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ असेल तर डेंग्यूचा विचार आधी, थंडी वाजून ठराविक वेळाने चढणारा ताप असेल तर मलेरिया, पण हे सगळं ढोबळ आहे, आपण घरी बसून ओळखायच्या भानगडीत पडू नका. पोर साचलेल्या पाण्यातून चालत आलं असेल, हिंदमाता, मिलन सबवे, कुर्ला, कुठूनही, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, लेप्टोसाठी आधीच द्यायची गोळी असते आणि ती पाण्यातून गेल्यापासून ७२ तासांच्या आत दिली तर उपयोग, पण ती डॉक्टरांनी ठरवायची, मुलांचं वय बघून औषध बदलतं.

म्हणून पावसाळ्यात कुठल्याही तापाला घरच्या घरी आयबुप्रोफेन किंवा कॉम्बिनेशनची गोळी देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर मुलांना नाहीच. साधं पॅरासिटामॉल. दुसऱ्या दिवशीही ताप राहिला तर दवाखाना. पालिकेचा दवाखाना किंवा जवळचा 'आपला दवाखाना' (या नावाचे सरकारी दवाखाने आहेत) बघा, तिथे तपासणी फुकट असते आणि बरेचसे संध्याकाळी पण चालू असतात, कामावरून आल्यावर नेता येतं.

घरची टेस्ट

मेडिकलमध्ये सेल्फ टेस्ट किट मिळतं, आयसीएमआरने अशा घरगुती किटला पहिल्यांदा मे २०२१ मध्ये मान्यता दिली. एक-दोन किट घरात असू द्या पण एक्सपायरी बघून घ्या, जुन्या केसेसच्या वेळचा माल पण फिरत असतो. करायचं कसं, तर आधी हात धुवा, पोराला नाक शिंकरायला लावा, काडी किटमधल्या कागदावर लिहिलंय तेवढीच आत, दोन्ही नाकपुड्यांत, गोल फिरवून. लहान मुलाचं डोकं दुसऱ्या कोणीतरी धरा नाहीतर काडी भलतीकडेच जाते. मग किटमधल्या बाटलीतल्या पाण्यात घोळून सांगितलेत तेवढेच थेंब. १५ मिनिटं थांबा, मोबाईलवर टायमर लावा. २० मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचं नाही, उशिरा फिकट रेघ उमटते आणि उगाच घाबरगुंडी उडते. किटवर सी आणि टी अशी अक्षरं असतात, सी वर रेघ पाहिजेच, सी वर नाही आली तर किट वाया गेलं. सी आणि टी दोन्हीवर आली, टी ची कितीही फिकट असली तरी, पॉझिटिव्ह.

निगेटिव्ह आली म्हणून लगेच शाळेचे बूट घालू नका. पहिल्या दिवशी निगेटिव्ह येणं अगदी कॉमन आहे, लक्षणं असतील तर दोन दिवसांनी परत करा. आणि टेस्ट केलीच नाही तरी नियम तोच, ताप असेपर्यंत घरी, त्यामुळे किटचे पैसे नाहीत म्हणून काही अडत नाही. वापरलेलं किट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाका, ओल्या कचऱ्यात नको, कचरा गोळा करणाऱ्यांच्या हाताला लागतं ते.

वन आरकेमध्ये वेगळं कसं ठेवणार

पेशंटला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र बाथरूम द्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याचं घर मोठं असणार. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात सहा माणसं, तिथे काय करायचं ते सांगा की.

तर हे करा. कोविड मुख्यत्वे हवेतून पसरतो, श्वासातून निघालेले बारीक कण अगरबत्तीच्या धुरासारखे खोलीत तरंगत राहतात, खिडकी बंद असली की साचतात, उघडली की पांगतात. म्हणजे वेगळी खोली नसली तरी हवा बदलता येते. पेशंटचं अंथरूण खिडकीपाशी, बाकीच्यांची दाराकडे. दार आणि खिडकी समोरासमोर असतील तर दोन्ही उघडी. टेबल फॅन असेल तर तो खिडकीकडे तोंड करून लावा, हवा बाहेर फेकायला, पेशंटवरून सगळ्यांच्या तोंडावर यायला नको. किचनमधला एक्झॉस्ट दिवसभर चालू. रात्री झोपताना एकाचं डोकं त्या बाजूला, दुसऱ्याचे पाय, म्हणजे तोंडाला तोंड येत नाही. एसी लावायचा मोह होतो, पण घरातला स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा थंड करून फिरवत राहतो. पावसाची झड येत असेल तर खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा, खाली पोतं टाका. डासांचं काय, तर जाळी किंवा मच्छरदाणी, डेंग्यू आणायचा नाहीये.

चाळीत कॉमन संडास असेल तर पेशंटने मास्क लावूनच जायचं, जमलं तर गर्दीची वेळ टाळून, आणि निघताना दार-खिडकी उघडी टाकून यायचं, मागच्याने पाच-दहा मिनिटं थांबून जावं. कडी, नळ, टमरेल यांना हात लावला की साबणाने हात. धारावीत २०२० मध्ये सार्वजनिक संडासांच्या सफाईवर पालिकेने उगाच नाही एवढा जोर दिला होता.

भांडी वेगळी काढायची, सुतकासारखं ताट बाहेर सरकवायचं, हे काही करू नका. साध्या साबणाने घासलेली भांडी सगळ्यांना चालतात. पोराला एकटं पाडल्यासारखं वाटू देऊ नका, मास्क लावून खिडकीपाशी बसा त्याच्याबरोबर, पत्ते खेळा. लॉकडाऊनच्या वेळी हातावर शिक्के मारलेली माणसं बघितलेली मुलं आता मोठी झालीयत, त्यातली काही अजून पॉझिटिव्ह शब्द ऐकला की घाबरतात.

औषधं, म्हणजे खरं तर काय देऊ नये

पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर असतं, वयावर नाही. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तास, आणि दिवसातून चार वेळांच्या वर जाऊ नका. पण बाटलीत बघा हं, पाच एमएलमध्ये १२० वाली पण असते आणि २५० वाली पण, झाकण दोघांचं सारखंच. मागच्या वेळी एक झाकण दिलं होतं म्हणून आता पण एक झाकण, असं केलं तर डबल डोस जातो. डॉक्टरांकडून एमएलमध्ये लिहून घ्या आणि बाटलीवरच पेनाने लिहून ठेवा.

अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही. मागच्या खेपेची उरलेली अझिथ्रो कपाटात असेल तर ती तिथेच राहू द्या, खरं म्हणजे फेकून द्या. स्टिरॉइड तर कोणाच्याही सांगण्यावरून नाही. कफ सिरपबद्दल २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जे झालं ते सगळ्यांनी वाचलंच असेल, मध्य प्रदेशात भेसळीचं सिरप पिऊन लहान मुलं गेली, त्यानंतर केंद्राने परत बजावलं की २ वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि ५ वर्षांखाली सहसा नाहीत. एक वर्षाच्या वरच्या मुलाला मध चालतो, कोमट पाणी, मोठ्या मुलाला मिठाच्या गुळण्या, आपला वरणभात, पेज, लिंबू सरबत. दोन दिवस जेवला नाही तर काही बिघडत नाही, पाणी पिऊन लघवी होतेय ना ते बघा.

वाफेचं पातेलं मुलांच्या जवळ नको. डोक्यावर टॉवेल, खाली उकळतं पाणी, आणि पोर हललं की मांडीवर सगळं, भाजून हॉस्पिटलमध्ये जातात मुलं. कापराच्या पुरचुंड्या गळ्यात बांधू नका, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फिट येऊ शकते. काढा एखादा कप ठीक, दिवसातून चार वेळा मिरी-सुंठ पाजून पोटात आग पाडू नका.

हे दिसलं तर वाट बघत बसू नका

श्वास मोजायला शिका, हे ऑक्सिमीटरपेक्षा कामाचं आहे आणि फुकट आहे. पोर झोपलेलं किंवा शांत असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली किती वेळा होतंय ते मोजा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५०, १ ते ५ वर्षं ४०, ५ च्या वर ३०, एवढा किंवा यापेक्षा भरभर चालला असेल तर दवाखान्यात न्या. ताप असताना श्वास थोडा जोरात चालतोच म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा, पण बरगड्या आत ओढल्या जातायत, नाकपुड्या फुलतायत, ओठ निळसर, पोर सुस्त पडलंय आणि उठवून उठत नाही, पाणी पण पीत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, फिट आली, यातलं काहीही असेल तर मोजत बसायचंच नाही, निघायचं. ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम करून, नेलपॉलिश काढून, आकडा स्थिर होईपर्यंत धरा, ९४ च्या खाली परत परत येत असेल तर निघा. ॲम्ब्युलन्सला १०८, पालिकेची हेल्पलाइन १९१६. नंबर फ्रीजवर लावा, मोबाईल नेमका तेव्हा पोराच्याच हातात गेमवर असतो.

एक गोष्ट उशिराची. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी क्वचित काही मुलांना परत जोरात ताप येतो, डोळे लाल, अंगावर चट्टे, पोटात दुखणं, उलट्या. दुर्मिळ आहे, आता तर आणखी कमी दिसतं, पण दिसलं तर मुलांच्या डॉक्टरांना महिन्याभरापूर्वी कोविडसारखं झालं होतं हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

शाळा ठीक आहे हो, क्लासचं बघा

शाळांच्या इमारती, विशेषतः जुन्या, गिरगाव-दादर-परळच्या, चांगल्या असतात हवेला. उंच छत, मोठ्या खिडक्या, दोन्ही बाजूंना व्हरांडा. तिथे एवढंच बघायचं की खिडक्या उघड्या आहेत ना, कारण पावसात बंद करतात आणि नंतर उघडायला कोणालाच आठवत नाही. हे काम प्रत्येक वर्गात मॉनिटरला द्या, मुलं जीव तोडून करतात. एसी वर्ग असलेल्या शाळांना विचारा की बाहेरची हवा आत यायची सोय काय आहे, नसेल तर दोन तासिकांच्या मधे पाच मिनिटं दारं-खिडक्या उघडा. डबा शक्य असेल तर मैदानात किंवा गॅलरीत, कारण मास्क तिथेच निघतात आणि गप्पा पण तिथेच. गॅदरिंगची प्रॅक्टिस बंद हॉलमध्ये गाणी म्हणत तासन्‌तास चालते, गाताना जास्त कण बाहेर पडतात, तर गच्चीवर करा की.

पण शाळा सुटल्यावर पोर जातं कुठे? शटरवाल्या गाळ्यात. एका खोलीत तीस-चाळीस मुलं, मांडीला मांडी लावून, खिडकी एकही नाही, काचेचं दार बंद कारण एसी चालू, दीड तास. शाळेला आपण शंभर प्रश्न विचारतो आणि क्लासच्या सरांना एक विचारत नाही, सर रागावतील म्हणून. विचारा. दार उघडं ठेवता येईल का, मागच्या बाजूला एक्झॉस्ट बसवाल का, आजारी मुलाला त्या दिवसाचं लेक्चर रेकॉर्ड करून पाठवाल का. सात-आठ पालक एकत्र गेले तर ऐकतात, धंदा आहे त्यांचा. माझ्या मते वर्गापेक्षा या गाळ्यांत जास्त पसरतं, आणि हे कोविडच काय, साध्या सर्दीला पण लागू आहे.

व्हॅनचं तसंच. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी, हवा खेळती, फक्त पावसात रेक्झिनचे पडदे सोडले की ती पण बंद डबा होते. व्हॅनवाल्या काकांना सांगा दोन काचा थोड्या खाली, एसी असला तरी. काका स्वतः खोकत असतील तर त्यांनी मास्क लावावा, आणि त्यांनी एक दिवस सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे कापू नका, नाहीतर तापात गाडी चालवतात ते.

मास्क कोणाला? ५ वर्षांखाली नाही. ६ ते ११, नीट लावता येत असेल तर. १२ च्या वर मोठ्यांसारखा. महाराष्ट्रात सक्ती २ एप्रिल २०२२ ला उठली, त्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि आता परत सगळ्यांना लावायला लावा असं मी म्हणत नाही. पण केसेस वाढलेल्या असताना, लोकलच्या गर्दीत, किंवा आजारातून उठून शाळेत परत जाताना लावायचा, तर तो नाकावर घट्ट बसणारा असावा. घामाने ओला झालेला मास्क उपयोगाचा नाही, बॅगेत सुका एक जास्तीचा द्या. बाकी हात साबणाने २० सेकंद, डब्याच्या आधी आणि संडासनंतर, ते तर आपण जुलाब-टायफॉइडसाठी पण सांगतोच.

लसीचं थोडक्यात: १५ ते १८ वयाला ३ जानेवारी २०२२ पासून, १२ ते १४ ला १६ मार्च २०२२ पासून मिळाली, त्याखालच्यांना सरकारी मोहिमेत आलीच नाही. म्हणजे आत्ता प्राथमिकला असलेल्या मुलांना आपल्याकडे ही लस मिळालेली नाही, आणि त्यात घाबरण्यासारखं फार नाही. घरात दमा, हृदयाचा त्रास, कॅन्सरचे उपचार चालू असलेलं कोणी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा. फ्लूची लस मात्र लहानांसाठी पावसाळ्याआधी विचारून घ्या, ती दरवर्षी घ्यायची असते.

ग्रुपवर काय टाकायचं

पॉझिटिव्ह आलं की आधी वर्गशिक्षिकांना फोन, ग्रुपवर नाही. शाळेने नाव न घेता कळवावं. तुम्हालाच टाकायचं असेल तर असं काहीतरी चालेल:

"नमस्कार, आमच्या घरी कोविड निघाला आहे. मुलगा मंगळवारपर्यंत शाळेत येत होता. तब्येत ठीक आहे. ज्यांची मुलं त्याच्या बाकावर किंवा व्हॅनमध्ये असतात त्यांनी पुढचे चार-पाच दिवस लक्ष ठेवा. अभ्यास कोणीतरी पाठवा प्लीज."

यावर ज्यांना कोणाच्या घरून आला, गणपतीला गावी कशाला गेला होतात, असले प्रश्न सुचतात त्यांना ॲडमिनने तिथेच थांबवावं. असं एकदा झालं की पुढच्या वेळी कोणी सांगतच नाही, आणि मग तुमच्याच पोराला कुठून आला ते कळत नाही. दुसऱ्या मुलाचं नाव, फोटो, रिपोर्ट फॉरवर्ड करायचा नाही. अभ्यासाचे फोटो मात्र भरभरून पाठवा.

परत कधी पाठवायचं

जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने घरच्या विलगीकरणाचा नियम असा ठेवला होता की पॉझिटिव्ह आल्यापासून ७ दिवस आणि शेवटचे सलग ३ दिवस ताप नाही. अमेरिकेत मार्च २०२४ पासून औषधाशिवाय २४ तास ताप नाही आणि एकूण बरं वाटतंय, एवढ्यावर बाहेर पडू देतात, पण पुढचे ५ दिवस मास्क वगैरे काळजी घ्यायला सांगतात. मी घरात आजी असलेल्यांना, आणि वर्गात एखादं औषधांवर असलेलं मूल आहे हे माहीत असेल त्यांना, ७ दिवसांचंच सांगते. बाकीच्यांनी निदान दुसरा नियम तरी पूर्ण पाळा. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तेवढ्यासाठी घरी बसवायची गरज नाही, आणि शाळेने निगेटिव्ह रिपोर्ट मागत बसू नये, बरं झाल्यावर पण आरटीपीसीआर बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते.

परत गेल्यावर पहिला आठवडा खेळ हळूहळू. पीटीच्या सरांना चिठ्ठी द्या, की पळायला लावू नका, बसवा किंवा स्कोअर लिहायला द्या. आधी चालणं, मग हलकं खेळणं, आणि धाप न लागता दोन जिने चढता आले की मग कबड्डी. छातीत दुखलं, धडधड झाली, चक्कर आली तर खेळ बंद आणि डॉक्टर. दप्तर त्या आठवड्यात तुम्ही उचला, आणि रिकाम्या पोटी पाठवू नका, आजारपणानंतर प्रार्थनेला उभं राहिलं की मुलांना घेरी येते.